जागच्या जागी

१

“माणूस खोटं बोलतंय असं वाटलं ना, की आधी त्याला पाणी दे. आणि पेला खाली ठेवेपर्यंत तू तोंड उघडू नकोस.”

सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली, पण रुग्णालयाच्या तक्रार-खिडकीमागे बसणाऱ्या बाईंना त्यांचं हे सांगणं अजून रोज ऐकू यायचं. सगळं रुग्णालय या बाईंना तक्रारबाई म्हणायचं. लोक त्यांच्याकडे तक्रार घेऊन यायचे, आणि जाताना बहुधा त्यांचीच तक्रार करत जायचे. बाई आवाज चढवत नसत. पाणी मात्र सगळ्यांना देत.

त्या सोमवारी पावणेदहाला त्यांनी लॅबच्या मोठ्या डॉक्टरांपुढे पेला ठेवला. डॉक्टरांनी तो उचललाच नाही. खिडकी ते दार, दार ते खिडकी असे ते येरझारा घालत होते.

“ब्लॉक गेला, बाई. तीनदा कप्पा उपसला. नाही म्हणजे नाही.”

ब्लॉक म्हणजे काय ते बाईंना ठाऊक होतं. शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवून केलेला ठोकळा, काडेपेटीएवढा. लॅबच्या कोठीत असे हजारो होते.

“कोणाचा?”

“ती वरच्या वॉर्डातली शिंपीण. चौतीस वर्षांची. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी गाठ होती, तीन आठवड्यांपूर्वी काढली. मी तपासली. वाईट निघाली. गुरुवारी मनगटापासून हात काढायचा ठरलाय.” डॉक्टर थांबले. “सर्जनला शंका आली. म्हणाले, मोठ्या रुग्णालयाचं मत घेऊ. त्यांना नुसता काचेवरचा पातळ काप पुरत नाही, अख्खा ब्लॉक हवा. आज चारच्या गाडीनं गेला तर बुधवारी उत्तर येईल. नाही गेला तर...”

“पुन्हा थोडा तुकडा घेता येणार नाही?”

“गाठ पूर्ण काढली होती. उरलेलं काहीच नाही.”

बाईंनी मनातल्या मनात हात जोडले. शिवणाऱ्या बाईचा उजवा हात! आणि घड्याळात सव्वासहा तास.

“कोठीची किल्ली कोणाकडे असते?”

“कपाटमावशींकडे. होती. शनिवारी मी काढून घेतली आणि त्यांना घरी बसवलं.” डॉक्टरांनी आवाज खाली आणला. “कारण ती शिंपीण कोण आहे माहितेय? मावशींची धाकटी जाऊ. चार वर्षं दोघींमध्ये एक शब्द नाही.”

२

कोठीशेजारच्या खोलीत संगणकवाला बसायचा. दिवसभर कळा बडवतो म्हणून त्याला सगळे टकटक म्हणत. नव्या वर्षापासून, म्हणजे दोन महिन्यांपासून, कोठीत नवं कपाट आलं होतं आणि त्याचा कारभार टकटकनं लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालायचा. ब्लॉकचा नंबर टाकला की छोटं यंत्र चिठ्ठी सोडायचं. चिठ्ठीवर जो आकडा, त्या कप्प्यात ब्लॉक.

“चहा घेणार?” खिडकीतल्या तीन कपांकडे हात करत त्यानं विचारलं. कपांवर रंगानं 0, 1 आणि 2 असे आकडे काढले होते.

“नको. मला आधी तुझं यंत्र समजावून सांग. मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही, हे धरून सांग.”

“माझ्या यंत्रावर संशय आहे होय?” तो हसला, पण पाय सारखा हलत होता. “सांगतो. ब्लॉकचा नंबर असा असतो.” त्यानं कागदावर लिहिलं: 26B1384. “हाच तो हरवलेला. पहिले दोन आकडे वर्षाचे, मग विभागाचं अक्षर, मग अनुक्रम. आमच्या भाषेत या सगळ्याला स्ट्रिंग म्हणतात. माळ समजा. त्या माळेतला कुठलाही एक मणी सुटा काढून बघता येतो. नुसतं सांगायचं, या जागेवरचा दे.”

“आणि त्या मण्यावरून कप्पा ठरतो?”

“हो. शून्य ते नऊ, दहा कप्पे. नियम माझा नाही, मावशींचा. वीस वर्षं त्या असंच करतायत. त्यांनी मला लिहून दिलं होतं, हे बघा.” खणातून त्यानं घडी घातलेला कागद काढला. ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘नंबरातला पाचवा आकडा, तोच कप्पा.’ “मी अगदी तेच लिहिलं.” पडद्यावर त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं. नंबर, आणि त्यापुढे चौकटी कंसात 5.

“तपासलं होतंस?”

“बाई, शंभर ब्लॉक ठेवले आणि शंभर परत काढले. एकही चुकला नाही. तुम्हीच बघा की. कुठलेही तीन नंबर सांगा.”

बाईंनी रजिस्टरातून डोळे मिटून तीन नंबर निवडले. चिठ्ठ्या निघाल्या. सोबत आलेल्या मोठ्या डॉक्टरांनी कपाट उघडलं. तिन्ही ब्लॉक चिठ्ठीवरच्या कप्प्यात निमूटपणे पडलेले होते.

चौथा नंबर 26B1384. चिठ्ठी आली: 8. आठच्या कप्प्यात तो नव्हता. सातमध्ये आणि नऊमध्येही पाहून झालं होतं.

“यंत्र चोरी करत नाही,” टकटक म्हणाला, आणि डॉक्टर बाहेर गेल्यावर पुढे झुकला. “पण एक सांगू? त्या ब्लॉकवरून कुणाचं नाक कापलं जाणार आहे, याचाही विचार करा. पहिलं निदान कोणी केलंय?”

बाईंनी चिठ्ठी आणि नंबर लिहिलेला कागद पर्समध्ये ठेवला.

“आणि मावशींचं म्हणाल,” तो म्हणाला, “तर पंधरा दिवसांपूर्वी दीड तास वीज गेली होती. यंत्र बंद होतं. तेव्हा कपाट कोणी उघडलं, हे लॅबमधल्या काकूंना विचारा.”

३

लॅबमधल्या मदतनीस काकू बाटल्या विसळत होत्या. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला, तशी त्या म्हणाल्या, “अहो, मी नळाखालीच उभी आहे. पाणी कसलं देताय?”

“बरं, नका घेऊ. वीज गेली त्या दिवसाचं सांगा.”

काकूंनी हात पुसले. बोलायला नको होतं, पण पोटात राहतही नव्हतं. “जनरेटर ऑपरेशनच्या खोलीला. आमच्या कोठीला कोण विचारतंय? मिट्ट काळोख. मी ट्रे घेऊन बाहेरच थांबले, म्हटलं वीज आली की चिठ्ठ्या निघतील, मग ठेवू. तेवढ्यात मावशी आल्या. ट्रेमधला एक ब्लॉक उचलला, एकच, आणि आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज मी ऐकला. बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या.”

“हातात काही होतं?”

“नव्हतं. पण पदराखाली काय होतं देव जाणे. मी कशाला कुणाचं वाईट बोलू?” असं म्हणून काकूंनी जे बोलायचं ते बोलून टाकलं होतं. मग भिंतीला धरून त्या स्टुलावर टेकल्या.

“गुडघे?”

“विचारताय? लेखी तक्रार दिली होती मी तुमच्या खिडकीवर, महिना झाला. वाचली तरी का?”

बाईंचे कान तापले. वाचली होती. ‘नवे कपाट सोयीचे नाही’ असा शेरा मारून फायलीला लावली होती.

“पुन्हा सांगा. नीट ऐकते.”

“जुनं कपाट बरं होतं. तेही दहाच कप्प्यांचं, तेवढंच उंच. पण एक कप्पा काढला की अडीच-तीन दिवस त्यातच ठेवायचं, मग त्याखालचा. अगदी खालचे दोन कप्पे महिन्यात चार-पाच दिवसच यायचे. आता? एका दिवसात चार-चार कप्पे उघडा. एक दिवसाआड खाली वाकलेलीच आहे मी. डॉक्टर म्हणतात, वय झालं काकू. वय माझं झालं, कपाटाचं कसं बदललं?”

तक्रारबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. मग घाईनं खिडकीवर परतल्या, काकूंचा अर्ज शोधून समोर ठेवला, आणि त्याच्याच पाठीवर पेन्सिलीनं आकडेमोड करू लागल्या. रोज चाळीस ब्लॉक येतात. नियम तोच, कपाट तेवढंच. मग गुडघ्यांचा हिशेब का बदलला?

फोन वाजत होता. खिडकी कोणीतरी ठोठावत होतं. त्यांनी खिडकी लावून घेतली, आयुष्यात पहिल्यांदाच, आणि मावशींच्या घराकडे निघाल्या. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

४

कपाटमावशींनी दार उघडलं ते अर्धंच.

“चौकशीला आलात? मी शनिवारीच सांगितलंय. ब्लॉक जागच्या जागी ठेवलाय.”

“तेच ऐकायला आलेय. आणि तहान लागलीय.”

तहानेल्या माणसाला दारात उभं ठेवणाऱ्यांपैकी मावशी नव्हत्या. त्यांनी पाणी आणलं, आणि या वेळी पेला संपेपर्यंत गप्प बसण्याची पाळी त्यांची होती. तेवढ्यात बाईंनी खोली पाहिली. सगळं इतकं लावलेलं की रुमालाचीसुद्धा जागा ठरलेली. अशी बाई वस्तू हरवत नाही. लपवली, तर मात्र कुणाला सापडणारही नाही.

“काळोखात आत का गेलात?” बाईंनी हळू विचारलं.

मावशींनी बराच वेळ नखानं टेबलावरचा एक डाग खरवडला.

“ट्रेमध्ये नाव दिसलं. तिचं. आमचं जमत नाही हे जगाला ठाऊक. आमच्या सासूबाई आजारी होत्या तेव्हा मी तिला म्हटलं, तुला शिलाईपुढे माणसं दिसत नाहीत. तिनं ते धरून ठेवलं. मीही सोडलं नाही. पण तिच्या हाताचा तुकडा तसा उघड्या ट्रेमध्ये, वीज येईपर्यंत पडलेला... मला बघवेना. म्हटलं, आपल्या हातानं ठेवू. कुणाला दिसायच्या आत.”

“मग हे डॉक्टरांना का नाही सांगितलंत?”

“काय सांगू? डोळ्यांत पाणी आलं म्हणून ठेवला? ते म्हणाले, ‘वैरापोटी फेकलात.’ त्यावर मी म्हटलं, जागच्या जागी आहे. आणखी एक शब्द बोलणार नाही.”

“कप्पा कितवा?”

“आता कसं आठवणार? रोज चाळीस येतात. नंबर बघायचा, हात आपोआप जातो.”

बाईंनी पर्समधून नंबर लिहिलेला कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. “मग आता बघा. यंत्र नाही असं समजा. हात कुठे जाईल?”

मावशींनी चष्मा वर ढकलला. अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवला आणि जप मोजावा तसा पुढे सरकवत गेल्या. “दोन. सहा. बी. एक. तीन.” अंगठा पाचव्या पेरावर थांबला. “तीनचा कप्पा.”

बाईंनी पर्समध्ये हात घातला. यंत्राच्या चिठ्ठीवर आठ होतं.

५

रस्ता खोदून ठेवला होता आणि रिक्षा गोगलगायीसारखी चालली होती. लॅबचा फोन कोणी उचलेना. बाईंनी चारदा घड्याळ बघितलं. मावशी शेजारी ताठ बसून होत्या, जणू शिक्षेलाच निघाल्यात.

तीन वाजून अठरा मिनिटांनी दोघी कोठीत शिरल्या. डॉक्टर, टकटक, काकू, सगळे तिथंच होते.

“यांना इथं कशाला आणलंत?” डॉक्टर उसळले.

“पाच मिनिटं द्या,” बाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच. “टकटक, तुझे ते तीन कप आण.”

“आत्ता? चहा?”

“आण रे.”

कप टेबलावर ओळीत मांडले गेले. 0, 1, 2.

“ज्याच्यावर दोन लिहिलंय, तो ओळीतला कितवा कप?”

“तिसरा. आम्ही शून्यापासून मोजतो ना. संगणकाची पद्धतच ती. पहिल्या जागेचा नंबर शून्य, दुसरीचा एक...”

“मग ज्या जागेचा नंबर पाच, ती जागा कितवी?”

टकटक वळला. पडद्यावरच्या ओळीकडे बघितलं. बोट हवेत नाचवत पुटपुटला, “शून्य दोन, एक सहा, दोन बी, तीन एक, चार तीन, पाच... आठ.” त्याचा चेहरा उतरला. “सहावी. मी सहावं अक्षर काढतोय. दोन महिने!”

“अशक्य,” डॉक्टर म्हणाले. “नियमच चुकला असता तर एकही ब्लॉक सापडला नसता. सकाळी तुमच्यासमोर तीन काढले.”

“सापडणारच. ठेवताना यंत्रानं जी चूक केली, तीच शोधताना केली. चोरालाच पंच नेमला तर तो प्रत्येक वेळी निर्दोषच सुटणार.” बाईंनी काकूंच्या अर्जाची मागची बाजू पुढे केली. “पण एक साक्षीदार खोटं बोलत नव्हता, काकूंचे गुडघे. पाचवा आकडा शतकाचा. रोज चाळीस ब्लॉक, म्हणजे तो बदलायला अडीच दिवस लागतात. तेवढे दिवस एकच कप्पा. सहावा आकडा दशकाचा. तो दर दहा ब्लॉकनंतर बदलतो, म्हणून दिवसाला चार कप्पे. कपाट तेवढंच होतं. मोजणाऱ्यानं एक घर पुढची उडी मारली होती. मी ही तक्रार महिनाभर फायलीत दाबून ठेवली, ही चूक माझी.”

“बघा,” काकू म्हणाल्या, “मी म्हणत होते.”

“पण मग हा एकच ब्लॉक का हरवला?” टकटकनं विचारलं.

“कारण हा एकच बरोबर ठेवला गेला. वीज नव्हती, चिठ्ठी नव्हती. मावशींनी बोटांवर मोजलं, एकपासून. सगळं गाव एकाच चुकीच्या वाटेनं गेलं की तीच पायवाट होते. मग सरळ चालणारा हरवला, असं सगळे म्हणतात.”

डॉक्टरांनी किल्ली पुढे केली. मावशींनी ती घेतली नाही.

“उघडा तुम्हीच.”

तीनचा कप्पा खडखडत बाहेर आला. दोनशेच्या आसपास ब्लॉक, सगळे सारखे. बाई एका बाजूनं, टकटक दुसऱ्या बाजूनं वाचू लागले. एक ओळ. दुसरी. 26B0736, 26B0737... तीन पस्तीस. मोठ्या डॉक्टरांनी कोट काढून फेकला आणि गुडघ्यावर बसले. तिसरी ओळ. चौथी.

“मागच्या कोपऱ्यात बघा,” मावशी दारातूनच म्हणाल्या. “मी नेहमी मागून भरते.”

डॉक्टरांचा हात मागे गेला. बाहेर आला तेव्हा दोन बोटांत काडेपेटीएवढा ठोकळा होता. त्यांनी नंबर मोठ्यानं वाचला.

“मावशी,” ते खाली बसूनच म्हणाले, “सगळ्यांना वाटलं असेल, माझं निदान खोटं ठरू नये म्हणून मीच हा गायब केला.”

टकटकनं मान खाली घातली.

“गेले दोन दिवस मी एवढंच मागतोय की माझं चुकलेलं असू दे. तुमच्या बाबतीत चुकलं, ते तर झालंच. आता तिच्या बाबतीतही चुकू दे.”

तीन वाजून बावन्न मिनिटांनी गाडीचं दार लागलं.

६

मंगळवार कुणाचाच धड गेला नाही. टकटक कपाटासमोर फतकल मारून बसला होता. प्रोग्रॅममधला 5 खोडून 4 करायला त्याला एक क्षण लागला, पण जवळजवळ दोन हजार ब्लॉक योग्य कप्प्यांत हलवायला किती दिवस लागणार ते सांगता येत नव्हतं. “असंच राहू द्या ना, कागदावर ‘पाचवा’च्या जागी ‘सहावा’ करू,” असं त्यानं एकदा सुचवून पाहिलं. काकूंनी नुसता गुडघ्यावर हात ठेवला. त्यानं पुढचा कप्पा ओढला.

दुपारी तक्रारबाई वरच्या वॉर्डात गेल्या. शिंपीण उशीला टेकून बसली होती. पट्टी बांधलेला हात मांडीवर, आणि डाव्या हातानं ती चादरीच्या कडेचा उसवलेला दोरा पुन्हा-पुन्हा गुंडाळत होती. ब्लॉक कसा गेला आणि कसा मिळाला, ते बाईंनी सगळं सांगितलं. काळोखातलंसुद्धा.

“रडल्या होत्या? त्या?”

“हो.”

“माझ्यासमोर कधी नाही रडायच्या.” दोरा तुटला. “त्यांना एक विचाराल? उत्तर जे येईल ते, चांगलं असो, वाईट असो. ते मला डॉक्टरांच्या तोंडून नको. परिचारिकेच्या तोंडून नको. माझ्या घरचं माणूस येऊन सांगेल, तरच मला झेपेल. त्या सांगतील का?”

बाईंनी निरोप खाली पोचवला. मावशी पुन्हा कोठीत कामावर आल्या होत्या, रजिस्टरात रेघ आखत होत्या. रेघ पूर्ण करून मगच पट्टी उचलली.

“सांगेन म्हणावं.”

बुधवारी साडेअकराला मोठ्या डॉक्टरांच्या खोलीतला फोन वाजला. सगळे आपापल्या कामात असल्यासारखं दाखवत दारापाशी गोळा झाले. आतून फक्त “हो... हो... पुन्हा एकदा सांगा” एवढंच ऐकू येत होतं.

डॉक्टर बाहेर आले. त्यांनी टकटकच्या हातातला पाण्याचा पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला.

“वाईट नाही. गाठ दिसायला कॅन्सरसारखी, पण कॅन्सर नव्हे. पुन्हा उगवू नये म्हणून कडेची थोडी कातडी काढावी लागेल. हात राहणार.” पेला ठेवताना ते पुटपुटले, “मी चुकलो. देवाची दया, मी चुकलो.”

काकूंनी तोंडाला पदर लावला. टकटकनं टाळीसाठी हात उचलला होता, तो कुणाच्याच लक्षात आला नाही म्हणून केसांतून फिरवला. तक्रारबाईंनी वॉर्डातला फोन लावायला हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला.

मावशींनी रजिस्टर मिटलं. केसांवरून हात फिरवला, चष्मा पुसून घातला. लिफ्टसमोर गर्दी होती. चार वर्षं ज्या माणसाशी बोललो नाही त्याच्याशी पहिला शब्द कोणता बोलायचा, हे ठरवायला थोडा वेळ हवाच होता. त्या जिन्याकडे वळल्या, कठड्याला हात लावला, आणि एकेक पायरी चढू लागल्या.